दोन बोटं भिंतीकडे

माझी आत्या गवंड्याची मुलगी. आजोबा गेल्यावर घर माझ्या बाबांकडे आलं, आणि तुला काय हवं असं विचारल्यावर आत्यानं ओळंबा मागितला. लिंबाएवढा, पितळी, दोरीसकट. बाबांना वाटलं, वडिलांची आठवण म्हणून मागतेय. आत्याला आठवणीबिठवणी कपाटात जपायची हौस कधीच नव्हती. तिला तो कामाला हवा होता. घरी जाऊन तिनं तो होडीत टांगला.

होडी आतोबांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून त्यांनी ती एकट्यानं बांधली. एकट्यानं, असं ते म्हणायचे. मग फळ्यांची दुसरी टोकं कोणी धरली होती, असं मी विचारलं की आत्या नुसती त्यांच्याकडे बघायची आणि ते विषय बदलायचे. शिडाची होडी, आणि तिच्या पोटाखाली शिशाचा जड पंखा, माझ्या छातीएवढा खोल. त्याला कील म्हणतात. वाऱ्यात होडी उलटू नये म्हणून तो असतो. पण ओहोटीला पाणी निघून गेलं, की तोच तिच्या जीवावर उठतो. सपाट तळाची होडी चिखलात कुठेही बसकण मारते. कीलवाली एका पायावर उभी राहते, आणि आधार नसेल तर आडवी होते.

आत्याचं घर जुन्या दगडी धक्क्याच्या टोकाला. खाली तिचं दुकान, तिथे ती शिडं आणि होड्यांची ताडपत्री आच्छादनं शिवते. वर एकच खोली. होडी धक्क्याच्या भिंतीला लागून बांधलेली. पंधरवड्यातले पाच-सहा दिवस उधाण असतं तेव्हा तिथलं पाणी पार जातं, तळाचे दगड दिसायला लागतात. त्या दिवसांत आत्याशी बोलायला जाऊ नये. ती ओहोटीला चिखलात उतरून काठीनं तळ चाचपते, कीलखाली येईल असा एकेक दगड उचलून लांब फेकते. मग भरतीला भिंतीच्या बाजूच्या डेकवर नांगराची साखळी आणि पाण्याचे कॅन रचते. डोलकाठीच्या टोकाचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी कडीला बांधते. होडी आणि भिंत यांच्यामध्ये जुने टायर, टायरांवर फळी. शेवटी केबिनमध्ये उतरून ओळंबा बघते. केबिनच्या तळाच्या फळीवर खडूची फुली आहे. ओळंब्याचं टोक फुलीपासून दोन बोटं भिंतीच्या बाजूला हवं. तीन नको, एक नको.

"अगं, पण ओळंबा सरळ दाखवायला असतो ना?" मी एकदा विचारलं होतं.

"भिंत सरळ हवी. होडी नको," ती म्हणाली. "सरळ उभी राहिलेली होडी सगळ्यात लबाड. कुठल्या बाजूला पडायचं ते तिनं ठरवलेलंच नसतं. आपण आधीच ठरवून टाकायचं."

तीन वर्षांपूर्वी आतोबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सकाळ-संध्याकाळ हातपाय चोळून घ्यायचे आणि मधला वेळ छताकडे बघायचं, एवढंच त्यांच्या आयुष्यात उरलं. चौथ्या महिन्यात त्यांनी खायचं बंद केलं. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. डॉक्टरांनी मन रमवा म्हणून सांगितलं. लोकांनी रेडिओ आणून दिला. आत्यानं रेडिओ दुकानात ठेवला आणि आतोबांची खाट खिडकीकडे फिरवली.

ही खिडकी धक्क्याच्या लांबीकडे तोंड करून आहे. उशाशी डोकं टेकून बघितलं, तर होडीची डोलकाठी बरोबर गजांच्या मधोमध दिसते. होडी भिंतीकडे दोन बोटं कलली, की डोलकाठी डावीकडून तिसऱ्या गजाला लागते. आत्यानं त्यांच्या डाव्या हातात स्टीलचा पेला दिला आणि सांगितलं, "मला दुकान आहे. माझ्यानं सारखं बघवणार नाही. काठी गजाला लागली की तीन ठोके. कमी-जास्त झालं तर मी येईपर्यंत वाजवत राहायचं." त्या दिवशी ते पोटभर जेवले. एकदा चहा वेळेवर आला नाही म्हणून त्यांनी पेला सारखा वाजवला, तेव्हा आत्यानं त्यांची अशी खरडपट्टी काढली की खालचं गिऱ्हाईक शीड न घेताच निघून गेलं. पुन्हा त्यांनी ती चूक केली नाही.

आता एवढं सगळं असताना बंदर खात्याचे नवे साहेब नोटीस घेऊन आले. देह भरभक्कम, बोलणं मऊ. माणूस सभ्य होता, त्यामुळे भांडायला आणखी अवघड. नोटिशीत लिहिलं होतं की सदर होडी ओहोटीच्या वेळी कलते, सबब धोकादायक आहे, सबब ती वळणापलीकडच्या खोल पाण्याच्या जेट्टीवर हलवावी.

"बाई, तिथं ती ओहोटीतही तरंगेल," साहेब म्हणाले. "राखण नको, काही नको. तुमच्याच डोक्याचा ताप जाईल."

"माझं डोकं माझं मी बघते. तिथून ती या खिडकीत दिसेल का?"

"खिडकीत कशाला दिसायला हवी?"

आत्यानं त्यांना वर नेलं नाही, काही समजावलंही नाही. नवऱ्याचं दुखणं दाखवून काही मागायचं, हे तिच्या रक्तात नाही. ती म्हणाली, "उद्या मोठं उधाण आहे. तळ उघडा पडेल. या बघायला. होडी नीट उभी राहिली तर कागद परत न्यायचा."

"आणि पडली तर?"

"पडली तर मीच ती इथून सोडून नेते, तुम्ही म्हणाल तिथं."

मी तेव्हा आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले होते, आणि वरती आतोबांचा पेला मी रोज ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला आत्यानं सगळं जागच्या जागी लावलं. साखळी, कॅन, दोर, फळी. ओळंबा दोन बोटं. मग ती आतोबांना अंघोळ घालायला वर गेली आणि मी पाणी तापवून द्यायला तिच्यामागे.

इथे भावोजींबद्दल सांगायला हवं. ते आतोबांचे धाकटे भाऊ. आत्याचे भावोजी म्हणून सगळ्या गल्लीचे भावोजी. फोटोंना चौकटी करून देणं हा त्यांचा धंदा, आणि वाकडी वस्तू त्यांना सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तर चप्पल काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. वहिनीवर संकट आलं म्हणून ते त्या दिवशी दुकान बंद ठेवून मदतीला आले. धक्क्यावर कोणी नाही, साहेब येण्याच्या बेतात, आणि होडी बघावी तर कललेली! साहेबांसमोर असं बरं दिसेल का? भावोजींनी साखळी ओढून डेकच्या मधोमध आणली आणि तिची सुंदर वेटोळी केली. कॅन दोन्हीकडे सारखे वाटून टाकले. डोलकाठीचा दोर धक्क्यावरून आडवा जात होता, तो साहेबांच्या पायात येईल म्हणून सोडून, गुंडाळून ठेवला. होडी चौकटीसारखी सरळ झाली. मग ते साहेबांना आणायला रस्त्यापर्यंत गेले.

अकरा वाजता आत्यानं आतोबांना परत खाटेवर टेकवून पेला हातात दिला, आणि आम्ही सगळे धक्क्यावर आलो. पाणी भराभर उतरत होतं. साहेब म्हणाले, "छान सरळ दिसतेय की," आणि भावोजी फुलले. आत्या साहेबांच्या कागदाकडे बघत होती. सकाळी पाहिलं म्हणून तिनं पुन्हा पाहिलं नाही. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि स्वतःला शिवी घालून सांगितलं.

तेवढ्यात वरून पेला वाजला. एक, दोन, तीन. मी सुस्कारा सोडला, आणि पेला वाजतच राहिला. घणघण, घणघण, थांबेचना.

आत्या वळली. फळी आणि होडी यांच्यात वीतभर फट पडली होती आणि ती रुंदावत होती. कील तळाला टेकली होती, आणि होडीनं पाण्याच्या बाजूला जायचं ठरवलं होतं. तिकडे खाली दगडांचा उतार. तिथे ती पडली असती तर फळ्यांच्या चिरफळ्या झाल्या असत्या, आणि अजून पडली नव्हती ती फक्त अशासाठी की अजून अर्धं वजन पाण्यावर होतं. म्हणजे हातात होती ती काही मिनिटं.

"साखळी कोणी हलवली?" आत्या ओरडली आणि उत्तराची वाट न बघता तिनं डेकवर उडी मारली. "दोर! दोर ओढा!"

गुंडाळलेल्या दोराचं टोक मी धरलं, माझ्यामागे भावोजी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोलकाठीचं टोक उंच असतं, त्यामुळे तिथून ओढलं की थोडा जोरही पुष्कळ लागू पडतो. आम्ही टाचा रोवून ओढत होतो. फट थांबली, पण मिटेना.

"साहेब, या इकडे!" आत्या म्हणाली.

"मी?"

"साखळी ओढत आणायला वेळ जाईल. तुम्ही चालत येता. या! या कडेला बसा, भिंतीच्या बाजूला. पाय बाहेर सोडा."

साहेब इकडे तिकडे बघत होते. मग कागद बगलेत धरून ते खरंच आले आणि काठावर बसले. त्यांच्याशेजारी आत्या बसली. होडी क्षणभर जागच्या जागी थरथरली. मग आतून काहीतरी करकरलं आणि ती सावकाश, अगदी नाराजीनं, आमच्याकडे आली. फळीवर टेकली तेव्हा टायर चेपल्याचा आवाज झाला. मी दोर कडीला बांधला. माझ्या तळव्यांची सालं निघाली होती.

वर पेला तीनदा वाजून गप्प झाला.

"उठू का?" साहेबांनी विचारलं.

"पाणी कीलच्या निम्म्यावर येईपर्यंत हलायचं नाही. तासभर लागेल."

साहेब तासभर बसले. उन्हात, पाय लोंबकळत. आत्या मात्र त्यांच्या शेजारून उठून साखळी इंचाइंचानं कडेला आणत होती, तरी त्यांना उठू देत नव्हती. भावोजी धक्क्यावर मान खाली घालून उभे होते.

"वहिनी, मला वाटलं सरळ असली की..."

"कळलं मला. पुढच्या वेळी आधी विचारा. आता टायर नीट करा. आणि नीट म्हणजे मी सांगते तसे."

शेवटी तळ उघडा पडला. होडी एका पायावर, भिंतीला खांदा टेकून उभी. साहेब उतरले, कपडे झटकले आणि म्हणाले, "पेला कोण वाजवत होतं?"

तेव्हा आत्यानं त्यांना वर नेलं. आतोबा घामानं भिजले होते. पेला डाव्या मुठीत तसाच. साहेबांनी खाटेशी वाकून खिडकीतून बघितलं, तिसऱ्या गजाला लागलेली डोलकाठी बघितली.

"यांनी पाहिलं हे? पण यांना तर हलताही येत नाही."

"हलायचं कशाला? हलते ती होडी. हे बघतात," आत्या म्हणाली. "तुमच्या जेट्टीवर राखण लागत नाही म्हणालात. हे राखणदार आहेत. तिथे यांनी काय करायचं?"

साहेबांनी कागद काढला. आज होडी पडता पडता वाचली, हे मला लिहावं लागेल, असं ते म्हणाले. आत्या म्हणाली, "लिहा. कोणी वाचवली तेही लिहा." साहेबांनी तेही लिहिलं आणि मालकानं ठरवायची खालची ओळ पुढे केली: होडी हलवण्यास तयार आहे / तयार नाही, नको ते खोडावे. कागदोपत्री मालक आतोबाच.

कागदाखाली मी पुठ्ठा धरला. आत्यानं त्यांच्या मुठीतून पेला सोडवला आणि पेन दिलं. डाव्या हातानं, ओठ दाबून, त्यांनी रेघ ओढायला घेतली. पेन आधी समासात गेलं, मग वर, मग कसंबसं 'तयार आहे' या दोन शब्दांवरून थरथरत उतरायला लागलं. भावोजींना राहवलं नाही. भावाचं मनगट धरून रेघ सरळ करायला त्यांनी हात पुढे केला.

आत्यानं तो हात तिथेच धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "वाकडीच असू दे. त्यांची आहे."

रेघ शेवटच्या अक्षरापलीकडे गेली. आतोबांनी पेन टाकलं आणि पेल्यासाठी हात पुढे केला.