आतून गुळगुळीत पेटी

अभिमननाना पेन्सिल कानावर ठेवत आणि मग घरभर शोधत. तोंडात खिळे धरून बोलत. ते बोलणं फक्त त्यांच्या बायकोला, भिकुबाईंना कळे. चहा बशीत ओतत, फुंकर न मारता पीत आणि रोज जीभ पोळून घेत. चर्चमध्ये सगळ्यांच्या मागून एक ओळ गात, आणि सगळे थांबले तरी आपली ओळ पुरी करत. माणूस भेटला की आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत.

ही शेवटची सवय देवपुरात सगळ्यांना ठाऊक होती. किराणावाला बन्सीलाल गल्ल्यावरूनच ओरडे, "नाना, माप घेऊ नका हो! आमच्यात पेटी लागत नाही."

"तुझ्या मापाचं लाकूड धुळ्यात मिळायचं नाही, शेठ," नाना म्हणत.

नाना सुतार होते. मिशनच्या वस्तीत कुणी गेलं की शवपेटी तेच करत, आणि त्याचे पैसे घेत नसत. उन्हाळ्यात माती त्याच दिवशी द्यावी लागे, म्हणून एक पेटी कायम तयार असे. ती नानांच्या स्वतःच्या मापाची होती. वस्तीत सगळ्यांत उंच तेच, तेव्हा कुणीही तीत मावे.

दोन खोल्यांच्या घरात एवढी मोठी वस्तू रिकामी ठेवणं भिकुबाईंना पटलं नाही. त्यांनी तीत कांदे भरले. वरच्या झाकणावर गोधड्या आल्या. वस्तीत कुणी फार आजारी पडलं की शेजारची कमलबाई हळूच विचारी, "मावशी, कांदे काढले का?"

नाना पेटीला बाहेरून जेमतेम रंधा मारत. आतून मात्र काचकागदाने तासन्‌तास घासत.

"आत कोण बघायला येणार आहे?" भिकुबाई म्हणत.

"उठताना कुणाला कुसळ बोचायला नको."

झाकणाला ते चारच खिळे मारत, तेही आखूड. आतून एक धक्का दिला की उघडलं पाहिजे. शेवटच्या दिवशी मेलेले उठणारच, हे ते एसटीच्या वेळेसारखं सांगत. गाडीला उशीर होईल, पण ती येणार. भिकुबाईंना अशा वेळी राग येई. त्या उठून चुलीकडे जात.

त्यांचा मुलगा वना पंचावन्न साली गेला. नऊ वर्षांचा होता. तीन दिवसांचा ताप. नाना तेव्हा नंदुरबारला छपराच्या कामावर होते. ते आले तोवर पोराला चादरीत गुंडाळून माती दिली होती. त्यानंतरच घरात तयार पेटी आली. नाना दर रविवारी कबरस्तानात जात. भिकुबाई पांझरेच्या पुलापर्यंत सोबत येत आणि तिथून माघारी फिरत. तेरा वर्षांत त्या पुलापलीकडे गेल्या नाहीत. मात्र नाना अजूनही त्यांना 'वनानी माय' अशीच हाक मारत. दुसऱ्या कुणाची तशी हाक मारण्याची हिंमत नव्हती.

भिकुबाईंनी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. पेटीच्या तळाशी, कांद्यांच्या खाली, फडक्यात बांधलेला वनाचा निळा सदरा होता. पोराला पेटी मिळाली नव्हती. निदान सदऱ्याला मिळावी. कुणी गेलं की त्या आधी सदरा काढून घेत, मग कांदे. नवी पेटी आली की सदरा परत तळाशी.

अडुसष्ट सालच्या मे महिन्यात सकाळीच सुगंधाबाई गेल्या. दवाखान्यातल्या जुन्या सुईण. अर्धी वस्ती त्यांच्या हातांत जन्मली. त्यांचं स्वतःचं मूल नव्हतं. भिकुबाई त्या वेळी मिरच्या आणायला बाजारात गेल्या होत्या. परत आल्या तर खोलीभर कांदे, आणि भिंतीशी पेटी नाही.

"नेली मावशी," कमलबाई म्हणाली. "निघालेसुद्धा सगळे."

भिकुबाईंनी मिरच्यांची पिशवी उंबऱ्यातच टाकली. त्या धावत सुटल्या. पूल आला, पूल मागे पडला. आपण पूल ओलांडला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

कबरस्तानात पेटीखाली दोर घातले होते. चौघं ती उचलत होते.

"थांबा!"

दोर धरलेला जीवराम वळला. नानांकडे सुतारकाम शिकलेला, तोंडाचा फटकळ. "काय काकू, कांदा राहिला का आत?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"मना आंडोरना सदरा शे त्यामा," भिकुबाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

नाना जवळ आले. तोंडातले उरलेले खिळे काढून खिशात टाकले.

"मला दिसला वनाचा सदरा. घडी करून बाईंच्या डोक्याखाली ठेवलाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून. कांद्यांचा वास लागतो त्याला. दोनदा धुतलासुद्धा. तू दळणाला गेली होतीस."

भिकुबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"काढायचा?" नानांनी हातोडी पुढे केली. "चारच खिळे आहेत. तू सांगशील तसं."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग आजूबाजूला. दोन कबरी सोडून एक लहान कबर होती. कडेने दगड, दगडांना ताजा चुना, मध्ये सदाफुली. ती कुणाची हे विचारावं लागलं नाही.

दोर धरणाऱ्यांचे हात भरून आले.

"राहू द्या," भिकुबाई म्हणाल्या. "त्याला पहिल्यांदा हातात बाईंनीच घेतलं होतं. उठल्यावर त्याच घालतील त्याला."

"आखूड होईल," नाना म्हणाले.

"होऊ दे. तिथं शिंपी नसतील का?"

नानांनी आधी तोंड दाबून धरलं. मग ते मोठ्याने हसले. जीवराम हसला, कमलबाईचा नवरा हसला, पाळकसाहेबांनी पुस्तकाआड तोंड लपवलं. भिकुबाई रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्यात थांबायचं कुठे ते त्यांना कळत नव्हतं. मग गाणं झालं, माती झाली.

पुढच्या रविवारी त्या पुलावर थांबल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फक्त गुडघे धरत. जमिनीवर बसलं की उठवायला दोन माणसं लागत.

"तुला बाक करतो," नाना म्हणाले. "पाठ टेकता येईल असा."

नव्या पेटीसाठी आणलेल्या फळ्या त्यांनी बाकाला घेतल्या.

"आणि पेटी?" भिकुबाईंनी विचारलं.

"सध्या कुणाला घाई नाही."

घाई त्यांनाच होती. ऑगस्टच्या एका सकाळी छातीत कळ आली आणि दुपारच्या आत ते गेले. बन्सीलालने दुकानातल्या मांडणीच्या फळ्या काढून दिल्या. जीवरामने त्यांची पेटी जोडली.

बाक वनाच्या कबरीशी आहे. चारी पाय पक्के आहेत, बैठक डुगडुगत नाही. पाठीला पाच पट्ट्या लागायच्या होत्या. दोन बसल्या आहेत. उरलेल्या तीन नानांनी कापून, घासून, सुतळीने बांधून बाकाखाली ठेवल्या आहेत. जीवराम दोनदा "बसवू का?" विचारून गेला. भिकुबाई त्याला म्हणाल्या, "बघू रे, पुढच्या रविवारी."