मुकी गाडी

वसमतला आमच्या हळदीच्या गोदामातल्या जुन्या डिझेल फोर्कलिफ्टनं अखेर मान टाकली. नवी डिझेलची घ्यायची की बॅटरीची, हा घोळ माझ्या गळ्यात पडला. गोदाम मीच सांभाळते, आणि असल्या चौकशांची मला भारी हौस. दोन्ही गाड्या थोडे दिवस वापरून बघायला मागवल्या.

डिझेलची बाहेरच्या मुरमावर पोती घेऊन बिनघोर पळायची, पण शेडमध्ये धूर कोंडायचा. व्यापारी हळकुंड मोडून आधी नाकाला लावतात. बॅटरीची गाडी फिरली त्या दिवशी मीही लावून बघितलं. हळदीला हळदीचाच वास होता! माझं तर ठरलंच.

अडून बसले आमचे ड्रायव्हर मामू. शेडमध्ये बाया वाटेकडे पाठ करून हळद निवडत बसतात. मागून डिझेलची धडधड आली की गप्पा न थांबवता सरकतात.

"ताई, ही गाडी मुकी हाय. कोणाचा पाय चाकाखाली आला तर मी काय तोंड दाखवू?"

"हॉर्न आहे की."

"सारखा वाजवला तर ध्यान कोण देतंय?"

हे खरं की नुसता जुन्या गाडीचा लळा, मला कळेना. म्हणून मीच बायांमध्ये पाठ करून बसले आणि मामूंना रिकामी गाडी हळू आणायला सांगितली. कान टवकारून बसले, तरी काही ऐकू येईना. तेवढ्यात समोरच्या मावशींनी माझा दंड धरून मला ओढलं. गाडी हातभर अंतरावर थांबली होती.

या मावशी एकट्याच वाटेकडे तोंड करून बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवतात म्हणून बाया त्यांना चिडवायच्या.

"तुमाला कशी ऐकू आली?" मामूंनी ओरडून विचारलं.

"ऐकू कुठली येती? मला डिझेलची बी कधी आली न्हाई."

बायांपैकी एकीनं आपलं सूप उचललं आणि वाटेकडे तोंड करून बसली. तिच्यामागून बाकीच्याही वळल्या.

मामू गाडीवरून उतरून मावशींच्या कानाशी वाकले. इतकी वर्षं त्यांनी याच बाईच्या पुढून पोती नेली होती. "मावशी, काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतं काय?" मावशी बोलत मामूंशी होत्या, बघत माझ्याकडे होत्या.

"ठेवलं असतं!" मी ओरडले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. आणि खरंच ठेवलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.