उमेशअण्णा आणि लाल तापस

केशवापुरातल्या उमेशअण्णा मिरजकरांना हळू बोलताच येत नाही. कमरीपेठेत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. मागच्या बाजूला सतत ठोकाठोक, तिच्यावर आवाज चढवता चढवता तो वरच राहून गेला. त्यांच्या घरातल्या गोष्टी गल्लीला आधी कळतात आणि घरच्यांना नंतर.

त्यांच्या बायकोला, अनिताताईंना, पक्ष्यांचा नाद. उणकल तळ्याच्या काठी पाणकणसाच्या उंच गवतात लाल तापस असतो असं कुणीतरी सांगितल्यापासून त्या दर पावसाळ्यात तिथं जाऊन बसायच्या. तापस म्हणजे बगळ्याचाच भाऊबंद, पण भलता लाजरा. चाहूल लागली की बहुतेकदा उडतसुद्धा नाही. मान ताणतो, चोच आभाळाकडे करतो आणि गवत होऊन उभा राहतो. अनिताताईंना तो एकदाही दिसला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी अण्णांना रोज चालायला सांगितलं, म्हणून त्या नाइलाजानं त्यांना बरोबर घेऊन गेल्या.

"अगं, इथं तर काहीच नाही!" अण्णा काठावरून गरजले. जे काही होतं ते उडालं.

"अहो, हळू!"

"हळूच बोलतोय की!"

अनिताताईंनी हात जोडले. "तुम्ही पलीकडं जाऊन फिरा बघू."

अण्णा फुरंगटून निघाले. जवळची वाट म्हणून गवतात घुसले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. हातभर अंतरावर एका पाणकणसाला डोळे होते.

वारा आला तसा तो पक्षी गवताबरोबर हलकेच झुलला. अण्णांनीही मान वर केली आणि झुलले.

इकडं अनिताताई शोधायला लागल्या. "अहो! कुठं आहात?"

उत्तर नाही. त्या घाबरल्या. फिरायला आलेले सतीश हिरेमठ धावत आले. "एनाय्तु अक्का? काय झालं?"

"हे सापडत नाहीत."

"हाक मारली का?"

"किती वेळा! ओच देत नाहीत."

सतीश अण्णांच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा चेहरा पडला. "अण्णा ओ देत नाहीत? मग काहीतरी वाईटच झालं असणार."

दोघांनी गवत बाजूला केलं. अण्णा चिखलात उभे, हनुवटी आभाळाकडे, डोळे तिरके.

"अय्यो! झटका आला!" सतीश ओरडले.

लालसर पंख फडफडले, लोंबणारे पाय दिसले आणि तापस पाणकणसावरून पलीकडं गेला. अनिताताईंच्या वाट्याला आले ते फक्त ते पाय.

सतीशनी अण्णांना उपसून काढलं. एक चप्पल तळ्यातच राहिली. रिक्षात अनिताताई बाहेर तोंड करून बसल्या.

"ओ दिली असती तर तो उडाला असता," अण्णा पुटपुटले. "तू येईपर्यंत धरून ठेवावा म्हटलं."

जन्मात पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलले की अनिताताईंना ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात?"

अण्णांनी पुन्हा सांगितलं, ते रिक्षावाल्यालाही कळलं. त्यानं आरशातून अनिताताईंकडं पाहिलं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "मानेवर रेघा होत्या का हो?"

"होत्या. तपकिरी."

"आणि चोच?"

अण्णा पाटावरून उठले, ओट्याशेजारी उभे राहिले आणि मान ताणली. तव्यावरची भाकरी करपली. अनिताताई त्यांच्याकडंच बघत राहिल्या.