स्क्रीन पुसायची ओळ

नऊ वर्षं मी पोरांना स्क्रीन पुसायला शिकवली. फडक्यानं नव्हे, प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून. धाराशिवच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो आणि आमच्या लॅबमधलं सी भाषेचं सॉफ्टवेअर मी विद्यार्थी होतो तेव्हापासूनचं आहे, निळ्या पडद्याचं. त्यात प्रोग्राम सुरू होताना पडद्यावरचं आधीचं सगळं पुसायला एक ठरलेली ओळ टाकतात. माझ्या सरांनी ती मला शिकवली, मी पुढच्यांना शिकवली. पेपरच्या माथ्यावर 'श्री' लिहावं तशी आमची पोरं ती ओळ लिहून मोकळी होतात. ती नसली तर प्रॅक्टिकलला येणारे बाहेरचे परीक्षक गुण कापायचे. मीही कापायचो, आणि जरा जास्तच कापायचो, कारण माझं डोकं लवकर तापतं.

बाहेरच्या जगानं ते सॉफ्टवेअर कधीच सोडलं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अभ्यासक्रमात ते होतं, परीक्षेत तेच येत होतं आणि पोरं पास होत होती. एवढ्यावर माझं भागत होतं.

एका वर्षी शेवटच्या वर्गात जळकोटची एक मुलगी होती. वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून ती मोबाईलवरच प्रोग्राम चालवून बघायची. प्रोग्राम पेनानं लिहून काढायची आमच्याकडं वही असते, तिला जर्नल म्हणतात. तिच्या जर्नलमध्ये एकदा ती ओळ दिसली नाही.

"ओळ कुठं गेली?" मी विचारलं.

"सर, मोबाईलवर ती टाकली की प्रोग्राम चालतच न्हाय."

"मोबाईल घेणार आहे का तुझी परीक्षा?"

वर्ग हसला. मी दोन गुण कापले. पुढच्या सगळ्या प्रोग्राममध्ये तिनं ती ओळ न चुकता लिहिली आणि मला वाटलं, चला, पोरगी वळणावर आली.

त्याच हिवाळ्यात पुण्याची एक कंपनी सोलापूरला भरतीसाठी आली. चार-पाच जिल्ह्यांतली कॉलेजं बोलावली होती. आमच्यासारख्या कॉलेजला वर्षाकाठी असं बोलावणं एखादंच येतं. ते हुकलं की पोरं कुठंतरी दुकानात बिलं करत बसतात, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला लागतात. अकरा जणांना घेऊन मी सकाळच्या एसटीनं गेलो. पोरं आत कॉम्प्युटरवर बसली आणि मी बाहेर चहा घेत इतर कॉलेजच्या सरांपुढं थोडा भाव खात होतो.

तासाभरानं मला आत बोलावलं. भरती घेणाऱ्या मॅडम खुर्चीतून उठल्याही नाहीत.

"सर, तुमच्या अकरा जणांचा एकही प्रोग्राम चाललेला नाही. आणि चूक सगळ्यांची एकच. एकाच ओळीला. सरळसरळ कॉपी आहे. तुमच्या कॉलेजला आम्ही पुन्हा बोलावणार नाही."

अकराही पोरं भिंतीला लागून उभी होती. मी पडद्याकडं पाहिलं. लाल अक्षरांत दाखवलेली ओळ माझीच होती. खोटं कशाला बोलू, घटकाभर वाटलं की गप्प बसावं. कॉपी केली तर ती पोरांनी केली, मास्तराला कोण विचारतंय! तेवढ्यात जळकोटच्या पोरीकडं नजर गेली. ती ओळ चालत नाही हे माहीत असूनही माझ्या धाकानं तिनंही ती टाकली होती. ती रडत नव्हती. मी आता काय बोलतो, एवढंच ती बघत होती.

"मॅडम, कॉपी नाही," मी म्हणालो. "ती ओळ मी शिकवलेली आहे. आमच्या सॉफ्टवेअरला लागते. नऊ वर्षं शिकवतोय. चूक माझी आहे, यांची नाही."

"ही आता कुठंच चालत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"एकीनं सांगितलं होतं. मी तिचे गुण कापले."

माझे कान तापले होते. पोरांसमोर असं बोलायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. मॅडमना हसू आलं. पोरांकडं वळून म्हणाल्या, "ती ओळ काढा आणि पुन्हा चालवा. वीस मिनिटं देते."

ती वीस मिनिटं मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. प्रोग्राम चालले, सगळ्यांचे नाही, पण चालले. संध्याकाळी पाच जणांची नावं वाचली, त्यात जळकोटची पोरगी होती. माझा जीव भांड्यात पडला. परतीच्या एसटीत पोरांनी मला खिडकीची जागा दिली. तुळजापूर येईपर्यंत मला गाढ झोप लागली होती.

पुढं गंमत झाली. आम्ही काय काय शिकवावं याची यादी त्या कंपनीनं पाठवली. आमच्या प्राचार्यांनी ती फ्रेम करायचीच बाकी ठेवली. दुसऱ्या वर्षी दुसरी कंपनी आली, तिची यादी वेगळी. विद्यापीठाचे परीक्षक मात्र तेच, ओळ नसली की गुण कापणारे. आधी आम्ही एकाच्या तालावर नाचायचो, आता तिघांच्या. मी वर्गात सरळ सांगून टाकतो, "हे परीक्षेपुरतं, हे नोकरीपुरतं, आणि माझं काही चुकलं तर तोंडावर सांगा." अलीकडं कुणी सांगितलं तर मी गुण कापत नाही, थोडा चिडतो एवढंच.

पण ती मुलगी पुण्याला रुजू झाली तेव्हापासून तिची काळजी माझ्या मनातून जाईना. पुण्यात मोठमोठ्या कॉलेजची पोरं. त्यांच्यात ही आमचं शिळं ज्ञान घेऊन गेलेली. चार-सहा महिन्यांत कंपनीनं घरी पाठवली तर तिचे वडील दुकान बंद करून माझ्याकडं येतील, असं सारखं वाटायचं. मग एका रविवारी तिचाच फोन आला.

"सर, मला भलतीच भाषा दिली. लई जुनी हाय, बँकेच्या कामाची. कुणाला काय द्यायचं ते कंपनीच ठरवती, आपल्याला इचारत न्हायत."

"तुला येते का ती?"

"न्हाय की. पहिल्या दिवशी इचारलं, कुणाकुणाला येती? समद्यांनी हात वर केले. म्या न्हाय केला."

"अगं, मग?"

"मग काय! तुमी त्या मॅडमसमोर सगळ्यांदेखत म्हणला व्हता, माझं चुकलं. तवा कुठं काय झालं? म्या बी म्हणलं, मला येत न्हाय. आता एक मॅडम रोज शेजारी बसवून शिकवायल्यात. हात वर केलेल्यांना कुणीच शिकवंना, सर."

ती हसत होती. मी बरं बरं म्हणत फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझा चेहरा बघून घाबरली.

"काय झालं हो?"

"काही नाही. जळकोटची पोरगी सुटली."

"कशातून?"

"माझ्या तावडीतून," मी म्हणालो.