अब्राहामाची बदली

रविवारी सकाळी दहाच्या आधी कुमुदबाई आढाव सोफा भिंतीला सरकवत आणि सतरंजी अंथरत. आर. के. पुरममधलं दुसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर. दोन खोल्या, एक बाल्कनी, बाल्कनीसमोर कडुनिंब. सतरंजीवर कधी चार मुलं असत, कधी अकरा. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची ही मुलं. महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंडळीच्या चर्चमध्ये वेळ मागून, मराठी उपासना होई. मुलांचे रविवार मात्र बाईंचे होते. एकतीस वर्षं.

बाई मूळच्या जालन्याच्या. परीक्षा देऊन केंद्र सरकारात कारकून लागल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर ‘राहून गेलं’ म्हणत, दूध आणायचं राहून जावं तसं.

त्यांच्याकडे एक फ्लॅनेलचा फळा होता. लाकडी चौकटीवर ताणलेलं निळं फ्लॅनेल, आणि त्यावर चिकटणारी, घरीच कापलेली कापडी माणसं. मेंढरं जुन्या स्वेटरची. मोशेची दाढी मफलरच्या झालरीची. येशूला चेहरा नव्हता. नुसती पांढऱ्या कापडाची उभी आकृती. मुलं विचारत, याला डोळे का नाहीत? बाई म्हणत, “मी पाहिलेला नाही, तर काढू कशी?”

दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना तंबू माहीत नव्हता. उंट त्यांनी पाहिला होता तो सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये. पण बदली सगळ्यांना माहीत होती. म्हणून बाईंच्या वर्गात देवाने अब्राहामाची बदली केली होती.

“ऑर्डर निघाली. घर सोड, नातेवाईक सोड, निघ. पण ऑर्डरवर गावाचं नाव कोरं.”

“मग क्वार्टर कुठे मिळालं?” कोणीतरी विचारायचंच.

“क्वार्टर नाही. तंबू.”

“पूरी लाइफ?”

“संपूर्ण आयुष्य,” बाई म्हणत. अर्थ सांगून झाला की शब्दही दुरुस्त करून देत.

जक्कयाच्या गोष्टीची तर त्यांनी रीतच पाडली होती. बुटका जकातदार जक्कय, येशूला पाहायला झाडावर चढलेला. वर्गातलं एक मूल जक्कय होऊन लोखंडी कपाटावर चढे. बाई खालून म्हणत, “जक्कया, लवकर खाली ये. आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.” आणि त्या दिवशी खरोखरच त्या मुलाच्या घरी जेवायला जात. आगाऊ निरोप नाही. जक्कयाची गोष्ट चाले त्या महिन्यात सेक्टरमधल्या मराठी आया दर रविवारी एक वाटी तांदूळ जास्त टाकत. मटण करायचं की नाही यावरून घराघरांत वाद होत. सात वर्षांची स्वरूपा उजगरे कपाटावर चढली होती तेव्हा खाली उतरायला तयार नव्हती, कारण घरी आदल्या दिवशीची आमटी होती आणि तिला ते ठाऊक होतं. बाईंनी ती आमटी दोनदा मागून घेतली.

बाईंचा दोष एकच होता, आणि तो त्यांना दोष वाटत नव्हता. चूक दिसली की त्या तिथल्या तिथे दुरुस्त करत. प्रतीक नावाचा एक तरुण हाताखाली शिकवायला आला. दुसऱ्याच रविवारी माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट सांगताना ‘व्हेल’ म्हणाला. मागून बाईंचा आवाज आला, “मासा. मोठा मासा. व्हेल असं कुठेही लिहिलेलं नाही.” मुलं हसली. प्रतीक तिसऱ्या रविवारी आला नाही. त्याच्या आधी दोघी येऊन गेल्या होत्या. बाईंचं मत असं की हल्लीच्या मुलांत चिकाटी नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. जालन्यात भावाच्या घरावर एक खोली बांधून तयार होती. प्रश्न उरला रविवारचा.

मराठी उपासना घेणारे पाळकसाहेब स्पष्टच बोलले. “बाई, कोणी घेणारं असेल तर एप्रिलपर्यंत बघा. नाहीतर मुलांना चर्चच्या हिंदी वर्गात घालू. साठ मुलं आहेत तिथे, प्रोजेक्टर आहे.”

“प्रोजेक्टर,” बाई म्हणाल्या.

देव हिंदीतही ऐकतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण साठ मुलांत रेवतीला कोणी काही विचारणार नाही, हे त्यांना दिसत होतं. रेवतीची आई हिंदू, वडील ख्रिस्ती. कुठेही गेली तरी ही मुलगी दाराजवळची जागा धरून बसे. इथे सतरंजीच एवढीशी होती की दाराजवळ बसलेलंही मधेच येई.

त्यांनी स्वरूपाला बोलावलं. स्वरूपा आता चोवीस वर्षांची होती, नोएडात एका कंपनीत काम करायची, तिथेच मैत्रिणींबरोबर राहायची. शनिवारी मेट्रोने आईवडिलांकडे यायची. ते अजून याच सेक्टरमध्ये होते.

“मी नाही काकू,” ती म्हणाली. “खरं सांगू? मला स्वतःला रोज वाटतच असं नाही.”

“काय वाटत नाही?”

“देव वगैरे. आहे असं.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “मलाही रोज वाटत नाही. रविवारी दहाला मुलं येतात, तेव्हा आवरून बसावं लागतं.”

ती म्हणाली, “बरं, एक धडा लिहून आणते. बघू.”

तिने अब्राहाम निवडला. दोन पानं लिहून आणली आणि बाई स्वयंपाकघरात असताना टेबलावर ठेवून गेली. पुढच्या शनिवारी ती पानं परत मिळाली. लाल शाईत एकोणीस दुरुस्त्या होत्या. समासात ‘आधार?’ असं तीन ठिकाणी. शेवटी डाव्या कोपऱ्यात, तिरक्या सहीवर: कृपया बात करें. खाली तारीख.

स्वरूपा आधी हसली. मग तिने पान उलटून पाहिलं, मागेही लाल होतं.

“काकू, हे काय आहे?”

“दुरुस्त्या.”

“ते नाही. हे, खाली. कृपया बात करें. तारखेसकट!”

“सवय आहे.”

“पप्पांच्या फाइलींवर असतं हे. मी काय तुमच्या हाताखालची डीलिंग हँड आहे?”

“चूक ती चूक, स्वरूपा. मुलांपुढे जायचंय ते.”

“बिल्कुल. म्हणून मी जातच नाही.” तिने पानांची घडी केली, बॅगेत टाकली. दारातून म्हणाली, “प्रतीकदादा का पळाला ते कळलं आज.”

ती गेल्यावर बाईंनी एकोणीस दुरुस्त्या मनातल्या मनात पुन्हा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. त्याचा काही उपयोग नव्हता. नोकरीत त्यांनी लिहिलेला प्रत्येक शेरा घेऊन माणूस परत आला होता, कारण त्याला यावंच लागे. इथे कोणाला यावं लागत नव्हतं. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला त्यांना साठ वर्षं आणि चार माणसं लागली.

त्यांनी फोन केला नाही. काय म्हणायचं हे ठरेना. दोन वेळा निरोप टाइप केला आणि त्यातलं शुद्धलेखन नीट करता करता पुसून टाकला.

एप्रिलचा शेवटचा रविवार हा वर्गाचा शेवटचा रविवार ठरला. सामान सोमवारी जायचं होतं. बाईंनी फळा आणि कापडी माणसं एका पत्र्याच्या पेटीत नीट लावून ठेवली. पेटी रविवारी उघडायची आणि सोमवारी सगळ्यात शेवटी ट्रकमध्ये चढवायची. पण रविवारी सकाळी नऊलाच खालून हाक आली. ट्रकवाल्याला सोमवारी दुसरीकडचं काम लागलं होतं.

“मैडम, आज ही लोड होगा, नहीं तो फिर शुक्रवार.”

शुक्रवारपर्यंत मुदत नव्हती. चार माणसं वर चढली आणि घर उतरू लागलं. बाई खाली ट्रकजवळ यादी घेऊन उभ्या राहिल्या. ऊन एव्हानाच तापलं होतं. सोफा गेला. कपाट गेलं. पेटी गेली हे त्यांना कळलं तेव्हा तिच्यापुढे कपाट, पलंग आणि सात खोकी लागली होती.

“वो पेटी निकालो.”

“अब तो जालना में ही निकलेगी, मैडम.”

दहा वाजता मुलं आली. पाच. ती एकमेकांना ढकलत वर गेली. रेवतीची आई गेटपाशी थांबली, “आज नाहीये का क्लास?” बाई उत्तर देणार तोच तिच्या मागून स्वरूपा आली. हातात बाईंचा जुना स्टीलचा डबा होता.

“आईने पाठवलंय. तुम्ही निघायच्या आत परत करायचा म्हणून.” तिने ट्रककडे पाहिलं. “आज? उद्या होतं ना?”

“मुलं वर आहेत,” बाई म्हणाल्या. “फळा ट्रकमध्ये गेला. मला इथून हलता येत नाही.”

एवढंच म्हणाल्या. ‘तू जाशील का’ हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. स्वरूपाने डबा त्यांच्या हातात दिला आणि जिना चढून गेली.

वीस मिनिटांनी गॅसची शेगडी खाली आली नाही म्हणून बाई वर निघाल्या. दुसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर त्यांना आवाज ऐकू आला. रिकाम्या खोलीत आवाज मोठा होतो. त्या थांबल्या.

“इथे काय होतं?” स्वरूपा विचारत होती.

“कपाट!”

“कसं कळलं?”

“दीवार तिथे साफ आहे.”

“आणि इथे?”

“फळा. हा छोटा डाग.”

“बरोबर. अब्राहामचं घर असंच झालं असेल त्या दिवशी. सामान बाहेर, भिंतीवर चौकोन. देव म्हणाला, निघ. लोकेशन नाही पाठवलं. सारा म्हणाली असेल, अहो, निदान किती दिवसांसाठी ते तरी विचारा.”

मुलं हसली. हे कुठेही लिहिलेलं नाही, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी कठडा धरला.

“सारा रडली?” हा आवाज सहा वर्षांच्या अबोलीचा.

“माहीत नाही गं. लिहिलेलं नाही. तू काय केलं असतंस?”

“मी दरवाजा पकडून ठेवला असता.”

“मी नसता पकडला,” रेवती म्हणाली. ती सहसा बोलत नसे. “मी विचारलं असतं, तिकडे कोण कोण असणार.”

“हे चांगलं विचारलंस. तर त्याच्याबरोबर सारा होती, नोकर होते, मेंढरं होती आणि त्याचा भाऊ लोट होता.”

बाईंचा पाय वरच्या पायरीवर गेला. तोंड उघडलं होतं. मागून ट्रकचा माणूस आला, “मैडम, वो चूल्हा—” त्यांनी मागे न बघता हात वर केला. पाय पायरीवरच राहिला. वर जायला सात पायऱ्या होत्या आणि एक शब्द पुरेसा होता. एक शब्द न बोलायला एवढा जोर लागतो याचं त्यांना नवल वाटलं.

“दीदी,” नीरज म्हणाला, “भाऊ नाही. भतीजा. अब्राहामचा भतीजा होता लोट. कुमुदआंटीने सांगितलं होतं.”

“हो का? नक्की?”

“पक्का.”

“मग तूच बरोबर. बरं झालं सांगितलंस. तर हा भतीजा लोट...”

भतीजा नव्हे, पुतण्या, हे बाईंच्या ओठांशी आलं आणि तिथेच राहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या वर्गात कोणत्याही मुलाने बाईंना कधी दुरुस्त केलं नव्हतं. तशी वेळ आली नव्हती, असं त्या आजवर मानत होत्या.

त्या परत खाली गेल्या. शेगडीशिवाय.

अकराला मुलांनी खिडकीला अडकवलेल्या जुन्या पडद्याचा तंबू केला, त्यात बसून प्रार्थना म्हटली आणि ती धडधडत उतरून गेली. जाताना प्रत्येकाने बाईंना ‘जय ख्रिस्त’ केलं. नीरजने हातही मिळवला. रेवती आईला ओढत विचारत होती, “नेक्स्ट संडे कुठे यायचं?”

बाई वर आल्या. स्वरूपा पडद्याची घडी करत होती.

“चुकलं ना काही?” तिने न बघता विचारलं.

“लोट.”

“ते नीरजने सांगितलं.”

“ऐकलं मी.”

स्वरूपाची घडी थांबली. “कुठून?”

“जिन्यातून.”

“आणि आत नाही आलात?”

“शेगडी आणायला येत होते,” बाई म्हणाल्या. “मग गेले परत.”

स्वरूपाने घडी पुरी केली. मग म्हणाली, “पप्पांना अजून तीन वर्षं आहेत. तोपर्यंत आमचं क्वार्टर आहे. सोफा काढला तर सहा मुलं बसतील. पुढचं मला नका विचारू.”

“तीन वर्षं पुष्कळ झाली.”

“तो फळा?”

“जालन्याला पोचला की कुरिअर करते.”

“माणसं सगळी पाठवा. पण येशूला डोळे मुलांकडूनच रेखाटून घेईन म्हणते.”

बाईंनी शेगडी उचलून ट्रकच्या माणसाकडे दिली आणि यादीत शेवटची खूण केली. खोलीत आता भिंतीवरचे चौकोन आणि त्या दोघी होत्या. कपाट होतं त्या चौकोनाशी बाई उभ्या राहिल्या. वर, जक्कय झालेली मुलं जिथे बसत तिथे, भिंतीवर तेलकट हातांचे ठसे होते. एवढ्या वर्षांत कपाटाच्या कडेमुळे खालून ते दिसले नव्हते.

“स्वरूपा,” त्या म्हणाल्या, “आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.”

“माहीत आहे,” स्वरूपा म्हणाली. “आईने तांदूळ जास्त टाकलाय. पण आमटी कालची आहे.”