वाट्याचं लाकूड

लकडगंजात लाकडाचे व्यापारी पुष्कळ. सागवानवाले, चिरकामवाले, खाटेचे पाय घडवून देणारे. नत्थूजींचा टाल, म्हणजे लाकडाची वखार, त्यांत सगळ्यांत हलक्या मालाचा. त्यांच्याकडे जळतण मिळे: चुलीचं, लग्नाच्या भट्टीचं आणि शेवटचं. बाप उमरेडचा विणकर. हातमाग बसला तेव्हा बापानं तो मोडून विकला, आणि मागाच्या लाकडाला कापडापेक्षा बरा भाव आला. तेव्हाच आपला धंदा ठरला, असं नत्थूजी हसत हसत सांगत.

"धोतर घेतलं का माणूस दोन वर्षं तोंड दाखवत नाही," ते म्हणत. "जळतण संपलं का चौथ्या दिवशी हाजीर."

टालाच्या मागच्या भिंतीशी, पत्र्याखाली, त्यांनी एक रीत चालवली होती. वस्तीतले म्हातारे-म्हाताऱ्या आपल्या सरणाचं लाकूड हयातीतच निवडून ठेवत. ऐन वेळी पोरं ओलं आणतील की किडकं, याचा भरवसा कोणाला? पैसे आधी दिलेले, ढिगावर गेरूनं नावाचं अक्षर काढलेलं. नत्थूजी ते ढीग दर उन्हाळ्यात फिरवून वाळवत आणि त्यांतली काडीसुद्धा कोणाला विकत नसत. एकदा लग्नाच्या घाईत एकानं दुप्पट भाव देऊ केला, तर नत्थूजी म्हणाले, "ते उचलाल तं नवरदेवाच्या आधी बुढा उठून बसंल."

या गिऱ्हाइकांत सगळ्यांत चोखंदळ पार्वतीबाई. वस्तीचे नगरसेवक भैयाजी यांची ही आई. दिवाळी झाली की ती काठी टेकत यायची आणि आपला ढीग तपासायची, जसं कोणी हुंड्याचे कपडे तपासावेत.

"हे बाभळीचं काढ गा, नत्थू. तडतडते. मले आवाज नाही पायजे."

नत्थूजी बाभूळ काढून धावडा ठेवत. मग ती मोहाच्या ओंडक्यावर हात फिरवून समाधान पावायची. या सगळ्या खटाटोपामागं एक दुखणं होतं. तिचा नवरा भर पावसाळ्यात गेला होता. लाकूड ओलं, पोरं उतावीळ.

"तुह्या काकाले घासलेट ओतून जाळलं," ती सांगायची. "माणसं घरी आली तं सगळ्यायच्या अंगाले स्टोव्हचा वास. तेरा दिवस माह्या नाकातून गेला नाही. मले तेल नाही पायजे, नत्थू. एक थेंब नाही."

"नाही लागणार, माय. माहा शब्द हाये."

"अन् भैयाजीले सांगू नोको. त्याले वाटंल, मायचा आपल्यावर भरवसा नाही."

भरवसा नव्हताच. पण ते त्याला कळू नये एवढी माया होती.

भैयाजी तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त सरकारचं बोलणं सगळ्यांच्या आधी ऐकू यायचं. त्र्याहत्तरच्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि पुढल्या वर्षी त्याची झळ लकडगंजापर्यंत आली. घासलेटच्या रांगेत बाया डबे ठेवून घरी जाऊन स्वयंपाक करून येत, म्हणजे ज्यांच्याकडे स्वयंपाकापुरतं घासलेट उरलं होतं त्या. भैयाजींनी लगेच 'तेलबचत समिती' काढली आणि नत्थूजींना मंचावर बोलावून शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं.

"नत्थूजींचा धावडा अरबस्तानातून येत नाही!" भैयाजी माइकवरून म्हणाले. "चुलीत लाकूड घालणारी प्रत्येक माता देशाचं परकीय चलन वाचवते."

ज्या मातांचे डोळे धुरानं लाल झाले होते त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मानपत्राला चौकट करून नत्थूजींनी ते वजनकाट्याच्या वर टांगलं. शाल त्यांच्या बायकोनं, देवकीबाईंनी, हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "दिसाले बरी हाये. गरम काही होत नाही."

मग वारं फिरलं. ऐंशी साली जंगलाचा नवा कायदा झाला आणि पर्यावरण हा शब्द सीताबर्डीच्या सभांतून निघून लकडगंजात पोचला. चांगल्या घरची सोयरीक आता 'गॅस हाये का' या प्रश्नावर अडू लागली. तेलबचत समितीची पाटी भैयाजींनी तीच ठेवली, वरून रंग मारला आणि 'निसर्गरक्षण समिती' असं लिहिलं. पाऊस झाला की खालचं 'तेल' वर दिसायचं. नत्थूजींनी पेपरात भैयाजींचं भाषण वाचलं: लाकूड जाळणारा हात हा मारेकऱ्याचा हात आहे. त्यांनी आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. त्यावर गेरू लागला होता.

थोड्याच दिवसांत टालावर वनखात्याच्या तपासणीची जीप आली. साहेब तरुण होता, बोलायला नीट होता. त्यानं आधी मानपत्र वाचलं.

"हे सहा वर्षांपूर्वीचं आहे," तो म्हणाला.

"हो जी. तवा मी देशभक्त होतो."

साहेबानं माल मोजला आणि पत्र्याखालच्या ढिगांशी येऊन थांबला. "हा माल तुमच्या परवान्यात बसत नाही. कोणाचा आहे?"

"हे पार्वतीबाईचं. ते रामाजीचं."

"मग त्यांना बोलवा."

"रामाजी अंथरुणावर हाये. पण त्याले एवढ्यात लागणार नाही म्हणते डॉक्टर."

साहेबाला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा तो ढिगापासून दोन पावलं मागं सरकला. खालच्या आवाजात म्हणाला, "असं करा, सगळं तुमच्याच नावावर सांगा. जादा साठ्याचा किरकोळ दंड होईल, माल तुमच्याकडेच राहील."

माणूस चांगला होता, वाट दाखवत होता. दुसरा कोणीही व्यापारी हो म्हणून मोकळा झाला असता. पण नत्थूजी कोष्ट्याच्या, विणकराच्या घरातले; ज्याचं सूत त्याचंच कापड, हे लहानपणापासून मुरलेलं. दुसऱ्याचं सरण आपल्या नावावर लावून घ्यायचं म्हणजे दुसऱ्याचं मरण घरी बोलवायचं, आणि ज्याचं त्याचं लाकूड चोरल्याचं पाप वेगळं.

"नाही जी," ते म्हणाले. "जे माहं नाही ते माहं कसं म्हणू?"

साहेबानं सुस्कारा टाकला आणि माल बेवारस म्हणून जप्त केला. पार्वतीबाई धडधाकट होती, तिचा वारस नगरसेवक होता, आणि तिचं लाकूड मात्र बेवारस ठरलं. नत्थूजी तडक भैयाजींकडे गेले. पार्वतीबाईला दिलेला शब्द आठवून एवढंच बोलले की, वस्तीतल्या बुढ्यांचं लाकूड गेलं, काही करा.

"नत्थूजी, तुम्ही कोणत्या जमान्यात राहून राहिले?" भैयाजी म्हणाले. "मेल्यावर माणसाले झाड कायले पायजे? आपण घाटावर मशीन बसवून राहिलो. डिझेलवर चालते. बटन दाबलं का काम खतम. लाकडाचा विषयच संपला."

आतल्या खोलीत पार्वतीबाई पोथी वाचत बसली होती. नत्थूजी तिच्याकडे न पाहता बाहेर पडले.

घाटावरच्या या दाहिनीचं उद्घाटन थाटात झालं. अडचण एकच होती. पूल असला तर त्यावरून गाडी नेता येते, नळ असला तर पाणी सोडता येतं; दाहिनीचं उद्घाटन करायला मेलेला माणूस लागतो, आणि त्या दिवशी वस्तीत कोणीही समितीची सोय पाहिली नाही. शेवटी भैयाजींनी नारळ फोडून मशीन रिकामीच पेटवली. जंगल वाचवण्यासाठी बराच वेळ नुसतं डिझेल जळत राहिलं आणि लोक कौतुकानं धुराड्याकडे बघत राहिले.

नत्थूजी मात्र मांडवामागं बघत होते. तिथं हलवायाची भट्टी लागली होती, पाहुण्यांसाठी बुंदी पडत होती. जप्तीचा माल लिलावात निघाला तो या हलवायाला जळतण पुरवणाऱ्या ठेकेदारानं उचलला होता. भट्टीच्या तोंडात एक धावड्याचा ओंडका अर्धा आत, अर्धा बाहेर होता, आणि बाहेरच्या अर्ध्यावर गेरूचा 'पा' होता. हलवायानं झारा आपटला आणि पायानं ओंडका आत सरकवला. तो तडतडला नाही, इतका छान वाळला होता.

"या दाहिनीची सुरुवात," माइकवर भैयाजी भरात आले होते, "मी माझ्या घरापासून करीन. हा माझा शब्द आहे!"

टाळ्या पडल्या. मग एकेक मान पहिल्या रांगेकडे वळली. तिथं पार्वतीबाई बुंदीचा लाडू खात बसली होती. तिचं तोंड हलायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती टालावर आली. नत्थूजींनी तिला पुढंच बसवलं, मागं जाऊ दिलं नाही.

"पोट्टा बह्याड झाला," ती म्हणाली. "मले मोटारीसारखं तेल घालून राहिला. माहं लाकूड हाये ना गा?"

नत्थूजी आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. लाकूडवाल्याबद्दल हे पटायचं नाही, पण खरं आहे. "हाये, माय. इथं जागा नाही म्हणून घरी नेऊन ठेवलं."

घरी मागच्या अंगणात खरंच एक ढीग होता. नत्थूजींचा स्वतःचा. गिऱ्हाइकांच्या रांगेत मालकानं जागा अडवू नये म्हणून त्यांनी तो घरी ठेवला होता. सुरुवातीला देवकीबाई त्यावरून भांडल्या होत्या, की घरात सरण ठेवून कोणी जेवते काय. पुढं त्यावर पापड वाळवू लागल्या. त्या संध्याकाळी नत्थूजींनी ओल्या फडक्यानं 'न' पुसला आणि गेरूनं 'पा' काढला.

देवकीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "अन् तुमचं जी?"

"माहं काय वं, मी लाकूडवालाच हावो. होऊन जाईल."

झालं नाही. बेवारस माल ठेवल्याबद्दल टालाचा परवाना पुढं चालू राहिला नाही.

पार्वतीबाई हिवाळ्यात गेली, झोपेतच. भैयाजींनी खरंच दाहिनीची तयारी केली, कारण शब्द साऱ्या गावानं ऐकला होता. पण तिकडे इराण-इराकची लढाई पेटलेली, तेलाची बोंब, पंपांवर ट्रकांच्या रांगा. दाहिनीची टाकी उद्घाटनातच कोरडी झाली होती ती पुन्हा भरलीच नव्हती. दुपार कलली तेव्हा भैयाजी नत्थूजींच्या अंगणात येऊन उभे राहिले. हातात रिकामा कॅन होता. कुठल्याशा पंपावरून तसेच आले होते.

"नत्थूजी, लाकूड पायजे," ते म्हणाले. "कोठंच नाही. तुमच्या टालावरचं बी..."

नत्थूजींनी पापडाचं कापड उचललं. भैयाजींनी गेरूचं अक्षर पाहिलं.

"मायनंच निवडून ठेवलं होतं," नत्थूजी म्हणाले. "तेल नोको म्हणे. एक थेंब नाही."

भैयाजी पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्या रडण्यात समिती नव्हती, माइक नव्हता. नत्थूजींना त्या क्षणी त्यांच्याबद्दल राग धरता आला नाही, आणि याचाच त्यांना पुढं बरेच दिवस राग येत राहिला. सरण त्यांनी स्वतः रचलं. ते शांतपणे जळलं. दोन दिवसांनी पेपरात छोटी बातमी आली की, तांत्रिक कारणामुळे अंत्यविधी पारंपरिक पद्धतीनं झाला.

टालाच्या जागेवर गॅसच्या सिलिंडरचं गोदाम झालं. गोदामवाल्याला भरवशाचा राखणदार हवा होता, तर भैयाजींनीच शब्द टाकला आणि नत्थूजी आपल्याच जागेवर स्टुलावर बसू लागले. 'येथे आग पेटवू नये' या पाटीखाली त्यांचा सगळा म्हातारपणाचा काळ गेला. शहाऐंशी साली आजारी पडले तेव्हा लाकूड मिळत होतं, पण परवान्यानं आणि सोन्याच्या भावानं. त्यांनी देवकीबाईंना सांगून ठेवलं, "मशीनमंधीच टाका. कोणाजवळ लाकूड मागाले जाऊ नोको." त्या आठवड्यात डिझेल मुबलक होतं. लाकूडवाला तेलावर गेला.

तिसऱ्या दिवशी भैयाजी चार कार्यकर्ते घेऊन भेटायला आले. आता ते पिकले होते, पण आवाज तोच होता. चहा आला तरी बोलणं थांबेना.

"वहिनी, एवढा लाकडाचा माणूस, पण शेवटी दाहिनी पत्करली. याले म्हणतात पर्यावरणाची निष्ठा. आपण चौकात त्यांच्या नावाची पाटी लावू. चांगली शिसमाची, कोरलेली."

देवकीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मागच्या अंगणात जिथं ढीग होता तिथं आता तुळशीची कुंडी होती, आणि त्या तिकडंच बघत होत्या.

"पाटी लावा, भैयाजी," त्या म्हणाल्या. "पण लाकडाची नोका लावू. तुमच्या मायचं लाकूड तुमच्या बुंदीखाली जळलं. घाटावर तिच्यासाठी गेलं ते आमच्या ह्यायच्या वाट्याचं होतं."

भैयाजींनी कपबशी खाली ठेवली. ते उठले, चपला घालून निघून गेले, आणि पाटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.