गूळ नको, नुसतं पाणी

दारूबंदीच्या काळात दिग्रसात दारू कुठे मिळायची, असं मला अजूनही कोणी कोणी विचारतं. मी म्हणते, कुठे मिळत नव्हती ते विचारा. कापसाच्या बाजारामागे कडब्याची एक गंजी होती. बाहेरून भरीव दिसायची, आत चार माणसं मांडी घालून बसतील एवढी पोकळ. आत बिडी ओढायला सक्त मनाई, बाकी मोकळीक. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवणाऱ्या लोहाराकडे भात्यामागे खोली होती. घणाच्या आवाजात कोण काय बरळतंय ते कुणाला कळायचं नाही. एका जिनिंगमध्ये तर लोक सरकीच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून प्यायचे आणि घरी गेल्यावर बायका धोतराला चिकटलेली सरकी पाहूनच चूल विझवून टाकायच्या.

पण या सगळ्यांत माझी जागा पहिल्या नंबरची. फुशारकी वाटली तर वाटो.

मी गोधड्या शिवायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, पाठोपाठ आईबाप गेले, आणि धाकटी बहीण माझ्याकडे आली. नुसत्या टाक्यांवर दोघींचं पोट भरत नाही हे मला फार लवकर कळलं. मग मी डोकं चालवलं. बाहेरच्या खोलीत दोऱ्या बांधून एकीमागे एक गोधड्या टांगल्या. त्यांच्या मागे आणखी एक खोली आहे हे नव्या माणसाच्या ध्यानातही यायचं नाही, आणि आतलं बोलणं गोधड्यांतच जिरून जायचं. गिऱ्हाईक भर दुपारी उजळ माथ्यानं यायचं, काखेत जुनं धोतर नाहीतर बायकोचं फाटकं लुगडं घेऊन, जणू शिवायलाच टाकायचं आहे. एक गृहस्थ वर्षानुवर्षं तेच एक हिरवं लुगडं घेऊन येत. त्याची गोधडी शेवटपर्यंत झाली नाही.

खरी हुशारी होती ती परवलीच्या शब्दांत. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळपाणी द्यायचं, मग काय काम आहे ते विचारायचं. मीही गुळाचा खडा आणि पाण्याचा गडवा पुढे करायची. ज्यानं मुकाट्यानं गूळ तोंडात टाकला, तो गोधडीवाला. ज्याला मागे बसायचं, तो म्हणायचा, "गूळ नको, नुसतं पाणी." मग गडव्यात पाणी नव्हे, मोहाची यायची. आमच्या भागात पाहुणा गूळ कधी नाकारत नाही, म्हणून हा शब्द पक्का. साध्या कपड्यातला एक अधिकारी येऊन गूळ खाऊन गेला, जाताना बाळंतिणीसाठी मऊ गोधडी सांगून गेला. मी ती मन लावून शिवली. मोहाची माझ्यापर्यंत कोण पोचवायचं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

सगळं झाकता आलं, फक्त बहिणीचं लग्न त्यात अडकलं. ती दिसायला चांगली, हाताला चव, बोलणं मोजकं. पण दोन स्थळं गावातली कुजबूज ऐकून दारातूनच परत गेली होती. दुसऱ्या वेळी ती दिवसभर जेवली नाही, आणि मला त्या लोकांपेक्षा माझ्या धंद्याचा जास्त राग आला. म्हणून तिसरं स्थळ मी मुद्दाम लांबचं शोधलं, थेट केळापूरकडचं. तिकडे आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं. मुलाचा बाप गावच्या ओट्यावर उभा राहून दारूबंदीवर भाषणं देणारा. मी म्हटलं, असेना. एकदा अक्षता पडल्या की कोण काय करतं?

बघायला यायच्या दिवशी मी धंदा बंद ठेवला. मागची खोली शेणानं सारवली, उदबत्ती लावली. मोहाचा माठ सरकीच्या पोत्यात खोल पुरला आणि त्या पोत्यावर आणखी दोन पोती रचली. बहिणीला बजावलं, "आज घरात निस्तं पाणी हाय. ध्यानात ठेव."

ती म्हणाली, "हाय ध्यानात."

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा बाप. मुलगा अंगानं सडसडीत, लाजरा. बसताना त्यानं आधी आईसाठी गोधडी नीट केली, ते मी पाहिलं आणि बहिणीनंही दाराआडून पाहिलं. मग ती डोक्यावर पदर घेऊन गूळ पुढे घेऊन आली. मुलानं खडा घेतला, आईनं घेतला. बापानं गाल धरला.

"गूळ नको माय, दाढ ठणकून राह्यली. निस्तं पाणी दे."

नेमका तोच शब्द! पण लगेच मला हसू आलं. माठ तर दोन पोत्यांखालच्या पोत्यात पुरलेला होता. ती आत गेली, तिला थोडा वेळ लागला, मग गडवा घेऊन आली. बापानं मान वर करून घोट घेतला आणि तो घोट तसाच तोंडात राहिला. बाहेर थुंकायची त्याला लाज वाटली असावी, गिळायची त्याहून जास्त. शेवटी गिळला. गडवा हळूच जमिनीवर ठेवून तो मला म्हणाला, "बाई, आमाले फसवत होता काय?" आणि उठला. त्याची बायको उठली. मुलगा सगळ्यांत शेवटी उठला, आणि दारातून त्यानं वळून पाहिलं.

मी आत धावले. मला वाटलं, शब्द ऐकला आणि सवयीनं हात गेला. पण पोती बाजूला लोटलेली, एकाचं तोंड उसवलेलं, आणि तिच्या कोपरापर्यंत सरकीचे पांढरे तंतू. हात असा आपोआप जात नसतो. मी तिला मारायला हात उचलला.

"काहून वं? काहून केलं असं? तुह्यासाठीच तं केलतं मी सारं!"

ती मागे सरली नाही.

"लगन झाल्यावर त्याइले कळलं असतं बाई, तं त्याइनं मले वापस पाठोलं असतं. आता निदान तेच वापस गेले."

माझा हात तसाच वर राहिला. मग मी तो खाली घेतला. ती खाली बसली, उसवलेल्या पोत्यातली सांडलेली सरकी ओंजळीनं परत भरू लागली. दोन-तीन ओंजळी भरल्या आणि तिचे हात थांबले. मग पदर तोंडात कोंबून ती एवढी रडली, एवढी रडली, की मला तिचे शब्द कळायला वेळ लागला.

"पोरगा मले आवडला होता वं बाई," ती म्हणत होती.